खांद्याचा पट्टा आणि पुढचे सहा महिने

बंगळुरात सर्जापूर रोडवर मोकळी जमीन उरली की तिथे आधी जाळी लागते, मग कृत्रिम गवत, मग खांबांवरचे दिवे. इब्लूरच्या चौकापासून कसवनहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, कार्मेलाराम करत दोम्मसंद्राकडे निघालं, तर रात्री उशिरापर्यंत अशा टर्फांवर फुटबॉल आणि बॉक्स क्रिकेट चालू दिसतं. पुणे, नागपूर, कोल्हापूरकडून नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांतली मुलं इथेच वाढली. हे टर्फ, सोसायटीच्या क्लबहाउसातलं बॅडमिंटन कोर्ट आणि त्याच्या शेजारची जिम हेच त्यांचं मैदान. ती खेळतात याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्यांचं खेळणं टिकावं म्हणूनच एका दुखापतीबद्दल लिहितो आहे. पहिल्यांदा खांदा निखळला, दवाखान्यात बसवला, पट्टा बांधला, तीन आठवड्यांनी पट्टा काढला, म्हणजे प्रकरण मिटलं, असं घरोघरी धरून चाललं जातं. पंधरा ते पंचवीस या वयात प्रकरण खरं म्हणजे तिथे सुरू होतं.

ही दुखापत बहुतेक वेळा एका ठरावीक स्थितीत होते. दंड बाजूला खांद्याच्या उंचीला गेलेला, कोपर वाकलेलं, पंजा मागे वळलेला, आणि नेमका त्याच वेळी धक्का. गोलकीपर झेपावतो, कबड्डीत चढाईला गेलेला मुलगा मध्यरेषेकडे हात लांबवतो आणि मागून तिघे त्याला ओढतात, दुचाकी खड्ड्यात जाते आणि पडताना हात टेकला जातो. दंडाच्या हाडाचा गोळा पुढे आणि खाली सरकतो. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास खांदे असे पुढच्याच बाजूला निखळतात. खांद्याची गोलाई जाऊन तिथे कोपरा दिसू लागतो, आणि मुलगा दुसऱ्या हाताने कोपर धरून, अंग जराही न हलवता बसून राहतो.

गोळा जागेवर बसला की वेदना एकदम ओसरते, आणि इथेच सगळे फसतात. खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो, तर खांद्याची खोबण बशीइतकी उथळ. गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तिच्यात टेकतो. हात चहूबाजूंनी फिरावा म्हणून शरीराने स्थैर्य सोडून दिलं आहे, आणि ती उणीव खोबणीच्या काठाला लागलेली लॅब्रम नावाची तंतुमय कड, सांध्याभोवतीचं वेष्टन आणि स्नायू भरून काढतात. तरुण खांदा निखळतो तेव्हा ही कड पुढच्या बाजूला हाडापासून सुटते. पुन्हापुन्हा निखळणाऱ्या खांद्याचं मूळ या सुटलेल्या कडेत आहे, असं लंडनचे शल्यविशारद ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ साली मांडलं. आजही एमआरआयच्या अहवालात त्यांचं नाव असतं. गोळा बाहेर असताना खोबणीच्या कठीण काठावर आपटून मागच्या बाजूला खळगा पडतो, त्याला १९४० साली त्याचं वर्णन करणाऱ्या हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांचं नाव मिळालं. म्हणजे खांदा बसवून घरी आलेल्या मुलाच्या सांध्यात एक कड सुटलेली आणि बऱ्याचदा एक खळगा पडलेला असतो. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो पट्टा.

म्हणून सगळी चौकशी पट्ट्याभोवती फिरते. किती दिवस ठेवायचा, झोपताना काढला तर चालेल का, क्लासला जाताना घालायचा का. आजी फोनवरून बजावते, ‘महिनाभर हात हलवू देऊ नका.’ बांधलं की बरं होतं हा विश्वास फार जुना आहे, आणि त्याला आधारही आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात निखळलेल्या खांद्याचा उपचार सांगितला आहे: काखेत मुसळ देऊन वर उचलायचं आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिक बंध बांधायचा. आजच्या कॅज्युअल्टीत मुसळाच्या जागी वेदनाशामक, गुंगीचं औषध आणि शिकलेले हात आले, पण आधी बसवा आणि मग बांधा हा क्रम तोच राहिला.

बसवण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बंगळुरात ‘पुत्तूर कट्टु’च्या पाट्या अनेक ठिकाणी दिसतात. आंध्रातल्या पुत्तूरच्या हाडवैद्यांची ती परंपरा, आणि आपल्याकडच्या हाडवैद्यांसारखाच तिच्यावर लोकांचा जीव आहे. हातात कसब असतंही. पण गोळ्यासोबत हाडाचा तुकडा निघाला आहे का, वाढत्या वयाच्या मुलाची हाडाची वाढपट्टी सरकली आहे का, हे एक्स-रेशिवाय कळत नाही. दंडाच्या वरच्या भागावर बाहेरून बोट फिरवल्यावर बधिर वाटतं का, हे बसवण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा पाहावं लागतं, कारण काखेतून जाणारी एक नस तिथली संवेदना आणि खांदा उचलणारा स्नायू सांभाळते. टर्फवर मित्राने यूट्यूब बघून हात ओढण्याचा प्रकार तर मुळीच होता कामा नये.

आता पट्ट्याचं. पट्टा सुरुवातीचं दुखणं कमी करतो, हाताचं वजन पेलतो, आणि समोरच्याला सांगतो की याला धक्का देऊ नका. ही तिन्ही कामं मोलाची आहेत. पण सुटलेली कड तो पुन्हा जागेवर बसवू शकत नाही. हात पोटाशी बांधला की ती कड खोबणीच्या काठावरून खाली घसरलेलीच राहते आणि पुष्कळदा तिथेच, चुकीच्या जागी चिकटते. झोळी एक आठवडा ठेवली काय आणि तीन-चार आठवडे ठेवली काय, तिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये खांदा पुन्हा निखळण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडत नाही, असं २०१० साली आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. स्वीडनमध्ये लेनार्ट होव्हेलियस यांनी १९७८ आणि १९७९ मध्ये पहिल्यांदा खांदा निखळलेल्या अडीचशेवर लोकांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा केला. कुणाचा हात आठवडे न् आठवडे बांधला होता, कुणाचा लगेच मोकळा केला होता. पुढे काय झालं ते त्या बांधण्यावर अवलंबून नव्हतं. वयावर मात्र फार होतं.

मग हात वेगळ्या रीतीने बांधून पाहू, असं जपानमध्ये एइजी इतोई यांना वाटलं. हात बाहेरच्या बाजूला वळवला की पुढचा स्नायू ताणला जातो आणि सुटलेली कड हाडाला टेकते, हे त्यांनी एमआरआयवर दाखवलं. तर्क सुंदर होता. २००७ साली त्यांनी १९८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाशी हात बांधलेल्यांपैकी ४२ टक्क्यांचा खांदा पुन्हा निखळला होता, बाहेर वळवलेल्यांपैकी २६ टक्क्यांचा. जगभर उत्साह पसरला आणि कमरेशी उशी बांधून हात बाहेर धरणारे पट्टे बाजारात आले. पण इस्रायलमध्ये तरुण सैनिकांवर केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३७ आणि ४२ टक्के असा किरकोळ फरक निघाला, आणि २०११ साली नॉर्वेत १८८ रुग्णांमध्ये तर उलट पोटाशी बांधलेल्यांचं प्रमाण थोडं कमी निघालं. शिवाय हात सतत बाहेर काढून तीन आठवडे राहणं किती अवघड! बसमध्ये, अंथरुणात, लिफ्टमध्ये तो हात आडवा येतो आणि मुलं पट्टा काढून ठेवतात. आज कुणी तज्ज्ञ एखाद्या रुग्णासाठी तो निवडत असेल तर त्याची कारणं ऐकावीत, पण त्यात हमी शोधू नये.

तिसऱ्या प्रकारचा पट्टा खेळताना घालायचा. तो दंड ठरावीक उंचीपलीकडे आणि मागे जाऊ देत नाही. औषधांच्या दुकानात ‘शोल्डर सपोर्ट’ म्हणून जी निओप्रीनची बाही मिळते, ती ऊब देते आणि धीर देते, गोळ्याला अडवत नाही. सर्जापूर रोडवर खेळाच्या सामानाची दुकानं मोठी आहेत, तिथून बाही घेऊन मुलगा आठवडाभरात पुन्हा टर्फवर दिसतो. खऱ्या, हालचाल अडवणाऱ्या पट्ट्याचाही हिशेब नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकेत महाविद्यालयीन स्तरावर धडकाधडकीचे खेळ खेळणाऱ्या ४५ खेळाडूंचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चालू हंगामात खांदा निसटलेल्या या खेळाडूंपैकी ३३ जण त्याच हंगामात मैदानात परतले, आणि त्यांतल्या २१ जणांचा खांदा पुन्हा दगा देऊन गेला. हंगामाचा शेवट गाठण्यासाठी एखाद्या खेळाडूने हा धोका डोळसपणे पत्करला तर ते समजू शकतं. सोसायटीच्या रविवारच्या सामन्यासाठी तो का पत्करावा, याचं उत्तर मला सापडत नाही.

एडिंबरामध्ये सी. एम. रॉबिन्सन यांच्या चमूने १५ ते ३५ वयाच्या २५२ जणांचा पाठपुरावा करून २००६ साली निष्कर्ष मांडले. झोळी आणि नंतर व्यायाम असा नेहमीचा उपचार मिळालेल्या या लोकांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्क्यांच्या आसपास जणांचा खांदा दोन वर्षांत पुन्हा अस्थिर झाला, आणि पाच वर्षांत हा आकडा ६७ टक्क्यांवर गेला. वय जितकं कमी तितका धोका जास्त, आणि मुलींपेक्षा मुलांना जास्त. चाळिशीनंतर गोष्ट वेगळी: तिथे पुन्हा निखळण्याची भीती कमी, पण स्नायूंचे कंडरे फाटलेले असू शकतात, त्यामुळे वडिलांच्या खांद्याचा अनुभव मुलाच्या खांद्याला लावता येत नाही. ‘माझाही एकदा निखळला होता, काही झालं नाही,’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, तुमचं वय काय होतं?

या आकड्यांवरून सरळ शस्त्रक्रियेकडे उडी मारणारेही आहेत. त्यांच्या हातात पुरावा आहे. कॅनडातल्या अलेक्झांड्रा कर्कली यांच्या १९९९ सालच्या अभ्यासात तिशीच्या आतल्या ४० रुग्णांपैकी लगेच दुर्बिणीतून कड शिवलेल्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांचा, तर बांधून व्यायाम केलेल्यांपैकी ४७ टक्क्यांचा खांदा दोन वर्षांत पुन्हा निखळला. आपल्याकडे हा विषय लोकांसमोर आला तो श्रेयस अय्यरमुळे. २३ मार्च २०२१ रोजी गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवायला मुंबईचा हा फलंदाज झेपावला आणि त्याचा डावा खांदा अर्धवट निसटला. दोन-अडीच आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली. २२ सप्टेंबरला दुबईत तो पुन्हा आयपीएलच्या सामन्यात उतरला आणि नाबाद ४७ धावा केल्या, नोव्हेंबरात कानपूरला कसोटी पदार्पणात शतक ठोकलं. मधल्या काळात दिल्लीचं कर्णधारपद हातचं गेलं. त्याच्याकडे उत्तम शल्यविशारद होते, पाठीशी मंडळ होतं, आणि दिवसभर खांद्यावरच काम करणं हेच त्याचं काम होतं. हे सगळं असूनही शस्त्रक्रियेनंतर साडेपाच महिने लागले, हा आकडा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा.

पण सगळ्यांना लगेच टेबलावर घ्यावं हे मला पटत नाही. होव्हेलियस यांच्या रुग्णांपैकी पंचवीस वर्षांत साधारण सत्तावीस टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली, म्हणजे बाकीच्यांनी तिच्याशिवाय आयुष्य काढलं. काहींचे पुन्हापुन्हा निखळणारे खांदे वय वाढता वाढता आपोआप स्थिरावले. रविवारी गंमत म्हणून बॅडमिंटन खेळणारी वीस वर्षांची मुलगी आणि राज्याच्या निवड चाचणीची तयारी करणारा सतरा वर्षांचा कबड्डीपटू यांच्या एक्स-रेत एकच चित्र दिसेल, आणि तरी दोघांसाठी योग्य निर्णय वेगवेगळा असेल. कबड्डीपटूशी पहिल्याच निखळण्यानंतर शस्त्रक्रियेबद्दल मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. खांदा निखळत राहिला की दर वेळी खोबणीचा काठ झिजतो. झीज वाढली की नुसती कड शिवून भागत नाही, फ्रान्समधल्या लातार्जे यांनी १९५४ साली सांगितलेल्या पद्धतीने शेजारचा हाडाचा तुकडा कापून तिथे स्क्रूने बसवावा लागतो. सांगली-कोल्हापूरकडच्या तालमीत आणि गावच्या मैदानावर असे खेळाडू वर्षानुवर्षं खांदा स्वतःच बसवून खेळत राहतात. त्यांच्या सोशिकतेचं कौतुक होतं, पण प्रत्येक वेळी त्यांचं हाड खर्ची पडत असतं.

निर्णय कुठलाही झाला तरी व्यायाम चुकत नाही. पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट आणि कोपर हलवायचं, कारण झोळीत ठेवलेलं कोपर फार लवकर आखडतं. सदरा घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी, काढताना शेवटी. अंघोळीला पट्टा काढून पुढे थोडं वाकायचं आणि हात सैल लोंबू द्यायचा, म्हणजे काख नीट धुता येते. दुखणं उतरलं की भिंतीशी उभं राहून मूठ भिंतीवर दाबायची, हात न हलवता स्नायू आवळायचे. मग रबराची पट्टी दाराच्या कडीला बांधून कोपर बरगडीला चिकटवून पंजा आत-बाहेर फिरवायचा, पाठीचं फऱ्याचं हाड मागे ओढायला शिकायचं. हे कंटाळवाणं असतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात हात डोक्यावर जातो, दुखत काहीच नाही, आणि मुलगा पट्टी कपाटात टाकतो. त्याच्या लेखी तो बरा झालेला असतो.

मैदानात उतरायची परवानगी कधी द्यायची? फिजिओच्या खोलीतली एक तपासणी इथे कामी येते. मुलाला पाठीवर झोपवतात, दंड बाजूला काटकोनात घेतात, कोपर वाकवतात आणि पंजा हळूहळू मागे नेतात. खांदा अजून कच्चा असेल तर मुलगा ‘दुखतं’ म्हणत नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती येते, मानेचा स्नायू ताठ होतो, दुसरा हात आपोआप उचलला जातो. ही भीती पूर्ण गेली, हालचाल पूर्ण आली, दुखरी बाजू चांगल्या बाजूच्या जवळजवळ बरोबरीने जोर लावू लागली, पडण्याचा आणि झेप घेण्याचा सराव देखरेखीखाली झाला, मगच सामना. कॅलेंडर इथे फारसं उपयोगी नाही, तरी सहसा तीन-चार महिन्यांच्या आत हे सगळं जुळून येत नाही.

फिजिओथेरपीवरही आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. ब्रिटनमधल्या ४८२ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात २०२४ साली असं दिसलं की एका बैठकीत नीट सल्ला आणि व्यायाम समजावून दिलेल्यांची आणि पुढेही फिजिओकडे जात राहिलेल्यांची सहा महिन्यांनंतरची स्थिती जवळपास सारखीच होती. मात्र त्यात प्रौढ आणि वयस्क मंडळी भरपूर होती. उलट डेन्मार्कमधल्या तरुणांच्या एका छोट्या अभ्यासात देखरेखीखालचा, स्नायूंच्या तालमेळावर भर देणारा व्यायाम घरच्या व्यायामापेक्षा सरस ठरला. मला यातून दिसतं ते असं: महागड्या यंत्रांखाली रोज पडून राहण्यात फार अर्थ नाही, पण कुणीतरी नीट शिकवलं पाहिजे आणि मुलाने ते सोडता कामा नये.

इथे विम्याची गोष्ट येते. सर्जापूर रोडवरच्या बहुतेक घरांना कंपनीचा आरोग्य विमा असतो. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालं तर तो खर्च उचलतो, त्यानंतरच्या काही आठवड्यांची फिजिओथेरपीही अनेक पॉलिसींत बसते. शस्त्रक्रिया न करता चार महिने व्यायाम करायचं ठरवलं, तर सहसा सगळं खिशातून. एकाच दुखापतीच्या दोन रास्त वाटांपैकी एका वाटेवर पैसे मिळतात आणि दुसरीवर मिळत नाहीत, ही व्यवस्था अन्यायाची आहे. कर्मचाऱ्यांचा विमा ठरवताना कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग यावर बोट ठेवू शकतात. सोसायट्यांमधल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण याच विभागांत काम करतात.

मुलींच्या बाबतीत घरं वेगळ्या रीतीने चुकतात. खांदा एकदा निखळला की पोहणं बंद, थ्रोबॉल बंद, ‘आता अभ्यासाकडे बघ.’ मुलाला तीन आठवड्यांत मैदानात सोडणारं घर मुलीला कायमचं बाहेर बसवतं. काही मुलींचे सांधे मुळातच सैल असतात, आणि अशा सांध्यांना मजबूत स्नायूंची गरज जास्तच असते. खेळ बंद केला की तीच तालीम थांबते.

माझा सगळा भर एका भेटीवर आहे. पट्टा निघाल्यानंतर, दुखापतीला साधारण सहा आठवडे झाल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जायचं, खांदा अजिबात दुखत नसला तरी. तिथे मुलाचं वय, खेळ, पुढच्या दोन वर्षांत त्याला काय करायचं आहे, एमआरआय लागेल का, हाड किती झिजलं आहे, हे सगळं त्याच्यासमोर मांडावं आणि पुन्हा निखळण्याचे आकडे त्यालाच सांगावेत. बारावीची परीक्षा, जेईई, निवड चाचणी यांच्या तारखा त्याच्याइतक्या कुणालाच पाठ नसतात. आणि त्यातली दहा मिनिटं आईवडिलांनी बाहेर बसावं. झोपेत कूस बदलताना, बॅग मागच्या सीटवरून ओढताना, खांदा क्षणभर सरकून आपोआप परत गेला असं पुष्कळ मुलांच्या बाबतीत घडतं, आणि घरी कळलं तर खेळ बंद होईल म्हणून ती गप्प राहतात. डॉक्टरांना हे तेव्हाच कळलं तर कड शिवून भागण्याची शक्यता असते. दोन वर्षांनी कळलं तर हाड बसवायची वेळ आलेली असू शकते.